खिळा नाही, डिंक नाही, तरी टोपली पक्की!

दोस्तांनो, घरात बांबूची टोपली असेल तर ती जरा घेऊन या. टोपली नसेल तर आजीचं सूप आणा, देवघरातली फुलांची परडी आणा, नाहीतर अंगणातलं कोंबड्या झाकायचं डालं आणा. आणलंत? आता त्यात एक खिळा शोधून दाखवा. सापडत नाही? बरं, डिंकाचा एखादा थेंब, शिवणीचा एखादा टाका तरी दिसतो का बघा. काठाला कदाचित बांबूची पाती किंवा बारीक तार गुंडाळलेली असेल. पण तळाशी आणि पोटाशी काही म्हणजे काही नाही! नुसत्या पट्ट्या, एकमेकींच्या वरून-खालून गेलेल्या.

आणि ही नुसती पट्ट्यांची टोपली काय काय सोसते बघा. अकोला-अमरावतीच्या बाजारात ती कांद्यांनी शिगोशीग भरते, डोक्यावर चढते, बंडीतून हादरे खात जाते, धप्पकन जमिनीवर आपटते. तरी सुटत नाही. फाटत नाही. काहून बरं?

या एका प्रश्नाचं उत्तर शोधायला आपल्याला मेळघाटच्या जंगलात जावं लागेल, थोडं गणित करावं लागेल आणि दहा हजार वर्षं मागंही डोकवावं लागेल. चला तर मग!

झाड नव्हे, गवत!

सुरुवात बांबूपासून करू. बांबूला आपण झाड म्हणतो, पण तो आहे गवत. गहू, ज्वारी, ऊस आणि अंगणातली हरळी यांच्याच कुळातला. जगात बांबूच्या सुमारे १६०० जाती आहेत आणि त्यांतल्या १३६ भारतात आढळतात. मेळघाटच्या डोंगरांत सर्वांत जास्त दिसतो तो मानवेल. त्याचं शास्त्रीय नाव डेंड्रोकॅलॅमस स्ट्रिक्टस. कोरड्या, खडकाळ उतारावर वाढलेला मानवेल आतून जवळजवळ भरीव असतो, म्हणून त्याच्या लाठ्या करतात. पोलीसकाकांच्या हातात बांबूची लाठी दिसली तर ती याच जातीची असण्याची शक्यता मोठी. नाल्यांच्या काठी, ओलाव्याच्या जागी कटांग नावाचा दुसरा बांबू वाढतो. तो जास्त जाड, पोकळ आणि अंगभर काटे असलेला.

बांबू एकटा कधी वाढत नाही. जमिनीखाली त्याच्या आडव्या खोडांचं जाळं असतं आणि त्यातून पाच-पन्नास बांबू एका जागी वर येतात. त्याला बांबूचं बेट म्हणतात. पावसाळ्यात या बेटातून टोकदार, जाड कोंब डोकं वर काढतात. आपल्या विदर्भात त्यांना वास्ते म्हणतात आणि त्यांची भाजीही करतात.

आता खरी गंमत ऐका. कोंब जेवढा जाड असतो, तेवढाच जाड तो बांबू शेवटपर्यंत राहतो. आंबा आणि कडुनिंब दर वर्षी थोडे थोडे जाड होतात, कारण त्यांच्या सालीखाली नव्या पेशी तयार करणारा एक थर असतो. बांबूत हा थरच नाही! मग तो वाढतो कसा? त्याची सगळी पेरं कोंबात आधीच दाटीवाटीनं बसलेली असतात. बंद केलेली सेल्फी स्टिक इवलीशी असते आणि ओढली की नळीतून नळी बाहेर येते ना, तसंच इथं होतं. खालच्या पेरापासून सुरुवात होते आणि एकाच वेळी अनेक पेरं आपापल्या जागी लांबत जातात. वाढ एका शेंड्यावर अवलंबून नसते, म्हणून तर वेग भन्नाट असतो. बांबूच्या काही जाती एका दिवसात ९१ सेंटिमीटरपर्यंत वाढल्याची नोंद आहे, म्हणजे तासाला जवळजवळ ४ सेंटिमीटर! मानवेल एवढी घाई करत नाही. पण दोन-तीन महिन्यांत तोही आपली पूर्ण उंची गाठतो. ही उंची साधारण ८ ते १६ मीटर भरते. त्यानंतर कितीही वर्षं जगला तरी तो एक इंचही उंच होत नाही.

या गवताला आपल्या कायद्यानं मात्र बराच काळ झाड ठरवलं होतं. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात झाडांच्या यादीत बांबूही होता. त्यामुळं स्वतःच्या शेतातला बांबू तोडून न्यायचा तरी परवान्यांची कटकट मागं लागायची. २०१७ मध्ये कायदा बदलला आणि जंगलाबाहेर वाढणारा बांबू त्या यादीतून बाहेर पडला. म्हणजे गवताला गवत म्हणायला ९० वर्षं लागली!

कोणता बांबू तोडायचा?

पूर्ण उंचीचा बांबू दिसला की लावला कोयता, असं चालत नाही. पहिल्या वर्षीचा बांबू उंच असला तरी कोवळा असतो. त्याच्यात पाणी जास्त आणि बळ कमी. त्याच्या पट्ट्या वाळल्या की आकसतात, सुरकुततात आणि टोपली सैल पडते. पुढच्या दोन-तीन वर्षांत त्याच्या पेशींच्या भिंतींत लिग्निन नावाचा कडक पदार्थ भरत जातो. मग बांबू पक्का होतो.

आता प्रश्न असा, की बांबूचं वय ओळखायचं कसं? झाडाच्या खोडात दर वर्षीचं एक वलय असतं. बांबू जाडच होत नसल्यामुळं त्याच्यात वलयंही नसतात. पण जंगलात राहणारे कोरकू लोक आणि बांबूवर पोट असणारे बुरूड कारागीर नुसतं बघून वय सांगतात. पहिल्या वर्षीच्या बांबूच्या पेरांना कागदासारखी कोरडी आवरणं चिकटलेली असतात आणि अंगावर पांढरट भुकटी असते. वय वाढलं की आवरणं गळून जातात, हिरवा रंग मंदावतो आणि सालीवर करडे-पांढरे डाग पडू लागतात. बोटांनी वाजवलं तर आवाजही बदललेला कळतो.

जाणता माणूस बेटातले तीन वर्षांचे आणि त्याहून जुने बांबू काढतो, कोवळे ठेवतो. कारण पुढच्या पावसाळ्यात येणाऱ्या कोंबांना अन्न पुरवायचं काम हे कोवळे बांबूच करतात. तेच तोडले तर बेट उपाशी पडेल. पावसाळ्यात तर तोडणी नकोच, कारण तेव्हा पायाखाली नवे कोंब मोडतात.

आणखी एक शत्रू सांभाळावा लागतो. तो म्हणजे घुण! जुन्या टोपलीखाली कधी पिवळसर बारीक पूड पडलेली पाहिली आहे का? बांबूत पिष्टमय पदार्थ असतात आणि ते खायला बारकेसे भुंगेरे आत बोगदे करतात. ती पूड त्यांच्या खाण्याची. यावर जुना उपाय असा, की तोडलेले बांबू ओढ्याच्या किंवा तळ्याच्या पाण्यात काही आठवडे बुडवून ठेवायचे. पाणी हळूहळू त्यातला पिष्टमय भाग विरघळवून नेतं. खायलाच काही उरलं नाही तर भुंगेरे कशाला येतील? चुलीच्या वर टांगलेल्या टोपल्याही वर्षानुवर्षं टिकायच्या. धुरानं त्या काळ्या पडायच्या, पण किडे त्यांच्या वाटेला जायचे नाहीत.

बांबूची पट्टी कशी होते?

आता बांबू घरी आला. कारागिराकडं हत्यारं किती? बहुतेक वेळा एक कोयता आणि एक सुरी. एवढ्यावर पूर्ण टोपली होते.

बांबूचे तंतू पेरात अगदी सरळ, उभे असतात. म्हणून त्याला उभा चिरणं सोपं आणि आडवा तोडणं अवघड. कारागीर आधी बांबूचे दोन भाग करतो, मग त्या प्रत्येकाचे दोन, मग पुन्हा दोन. दर वेळी बरोबर अर्धे! कारण दोन्ही बाजू सारख्या असतील तर चीर मधोमध सरळ जाते. एक बाजू बारीक झाली तर चीर त्या बारीक बाजूकडं पळायला लागते आणि पट्टी मध्येच तुटते. मग काय करायचं? कारागीर जाड बाजू थोडी जास्त वाकवतो आणि पळालेली चीर पुन्हा मध्यावर येते. त्याची नजर तेव्हा समोर गप्पा मारणाऱ्या माणसाकडंही असू शकते, कारण चीर कुठं चालली आहे हे त्याला बोटांनाच कळतं.

अशा निघालेल्या पट्ट्यांना कामट्या म्हणतात. आपल्या टोपलीतली एक कामटी नीट बघा. तिची एक बाजू चकचकीत आणि दुसरी खरखरीत असेल, तर ती बांबूच्या बाहेरच्या भागातून आलेली आहे. दोन्ही बाजू खरखरीत असतील, तर ती आतल्या भागातून आली आहे. बांबूत मजबूत तंतूंचे जुडगे बाहेरच्या बाजूला दाट आणि आत विरळ असतात. शिवाय अगदी वरच्या सालीत सिलिका असते. वाळूत आणि काचेत असते तीच! म्हणून साल गुळगुळीत असते, पाणी लवकर आत घेत नाही आणि सुरीची धारही लवकर घालवते. बाहेरच्या कामट्या काठाला आणि जिथं ओझं जास्त तिथं वापरतात, आतल्या कामट्यांनी मधला भाग भरतात. एकाच बांबूचे दोन माल, दोघांना वेगवेगळी कामं.

कामट्या विणण्याआधी ओल्या करतात, कारण तंतूंच्या मधल्या भागात पाणी शिरलं की त्या लवचिक होतात. कोरडी कामटी वाकवली तर कडाडकन मोडेल. ओली कामटी वळते, आणि वाळल्यावर त्याच वळणात पक्की बसते.

नऊ का, आठ का नाही?

आता विणायला बसू. गोल टोपलीसाठी काही कामट्या मधोमध एकमेकींवर ठेवून पसरतात. त्यांची टोकं चारी दिशांना जातात. या झाल्या उभ्या कामट्या. मग एक लांब, बारीक पाती घेऊन ती गोल गोल फिरवायची: एका कामटीच्या वरून, पुढच्या कामटीच्या खालून, पुन्हा वरून, पुन्हा खालून.

इथं एक गणित लपलं आहे. समजा, उभी टोकं ८ आहेत. पहिल्याच्या वरून, दुसऱ्याच्या खालून, असं करत आठव्याच्या खालून गेलो. फेरी संपली. आता पुन्हा पहिलं टोक आलं. त्याच्या वरून जायचं! पण मागच्या फेरीतही आपण त्याच्या वरूनच गेलो होतो. म्हणजे दुसरी फेरी पहिलीचीच नक्कल. तिसरीही तशीच. पाती कुठं अडकलीच नाही. अशी टोपली हातात घेतली की उलगडून पडेल.

आता टोकं ९ घ्या. पहिल्याच्या वरून निघालो तर नवव्याच्या वरूनही जाऊ. मग पहिल्याच्या खालून जावं लागेल! आधी वरून, आता खालून. तिसऱ्या फेरीत पुन्हा वरून. प्रत्येक उभी कामटी दोन्ही बाजूंनी घट्ट पकडली गेली. एका टोकाचा फरक, आणि टोपली पक्की.

करून बघा: जाड पुठ्ठ्याची एक गोल तबकडी कापा. कडेपासून आत अर्ध्यापर्यंत समान अंतरावर ८ चिरा द्या, म्हणजे ८ पाकळ्या होतील. लोकरीचा धागा एका पाकळीच्या पुढून, एकीच्या मागून असा चार-पाच फेऱ्या विणा. दुसऱ्या तबकडीवर ९ पाकळ्या करा आणि तसंच विणा. दोन्हींत काय फरक दिसतो? घरातल्यांना दाखवा आणि कारण तुम्ही समजावून सांगा.

टोकं सम संख्येत आली तर कारागीर काय करतात? काही जण एक कामटी उभी चिरून तिच्या दोन करतात. काही जण दोन पात्या घेऊन एकीमागून एक विणतात. शाळेची पायरी न चढलेल्या आजीलाही हे गणित पाठ असतं, कारण चुकलं तर टोपलीच तिला सांगते.

आता आपल्या मूळ प्रश्नाचं उत्तर हाती आलं. टोपलीत शेकडो ठिकाणी एक कामटी दुसरीवर दाबून बसलेली असते. प्रत्येक ठिकाणी घर्षण असतं. एका ठिकाणचं घर्षण थोडं, पण शेकडो ठिकाणचं मिळून प्रचंड. त्यातून वाकवलेली कामटी सरळ व्हायला बघते, म्हणजे ती शेजारणीला आणखी जोरात दाबते. ओझं वाढलं की विणीवरचा ताणही वाढतो आणि पकड आणखी घट्ट होते! आणि एखादी कामटी तुटलीच तर तिचं ओझं आजूबाजूच्या वाटून घेतात. प्लॅस्टिकच्या बादलीला एक चीर गेली की ती पुढं पुढं पळते. टोपलीतली चीर एका कामटीपाशी थांबते.

सहा बाजूंची जाळी आणि पाच बाजूंचं भोक

काही टोपल्यांत वीण विरळ असते आणि मोठमोठी भोकं दिसतात. नीट मोजा. भोकाला सहा बाजू आहेत का? मग ती षटकोनी वीण. यात कामट्या दोन दिशांनी नाही, तीन दिशांनी जातात. थोड्याशा कामट्यांत मोठी टोपली होते आणि तीन बाजूंनी अडकल्यामुळं कामट्या सरकत नाहीत.

पण सगळी भोकं षटकोनी ठेवली तर वीण सपाटच राहते. तिची चटई होईल, टोपली नाही होणार. मग विणीला खोली कशी येते? कारागीर जिथं वळण हवं तिथं सहाऐवजी पाच बाजूंचं भोक पाडतो. बस्स! तेवढ्यानं सपाट वीण आपोआप वर उचलली जाते.

करून बघा: कागदाचं एक वर्तुळ कापा. केंद्रातून त्याचे सहा समान भाग आखा. त्यातला एक भाग कापून टाका आणि उरलेल्या दोन कडा चिकटपट्टीनं जोडा. सपाट कागदाची टोपी झाली ना? पूर्ण वर्तुळात ३६० अंश असतात. तुम्ही ६० काढून घेतले, म्हणून कागदाला वर उठावंच लागलं. पाच बाजूंचं भोक नेमकं हेच करतं.

आता त्याच्याही पुढं जाऊ. पूर्ण बंद चेंडू विणायचा असेल तर अशी पंचकोनी भोकं किती लागतील? भूमितीचा एक नियम सांगतो, की बंद चेंडू व्हायला एकूण ७२० अंश काढावे लागतात. एका भोकात ६० जातात. ७२० भागिले ६०, उत्तर १२. कमीही नाही, जास्तही नाही! आग्नेय आशियात सेपाक टकरॉ नावाचा खेळ पूर्वी वेताच्या विणलेल्या चेंडूनं खेळायचे. त्या चेंडूवरची भोकं मोजली तर १२ भरतात. काळ्या-पांढऱ्या फुटबॉलवरचे काळे पंचकोन मोजा. तेही १२. आणि १९८५ मध्ये शास्त्रज्ञांना कार्बनच्या ६० अणूंचा एक पोकळ गोल रेणू सापडला. त्याच्यातही १२ पंचकोन निघाले. त्या शोधासाठी १९९६ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं.

एवढंच नाही. तीन दिशांच्या या विणीतली ठरावीक रचना जपानी भौतिकशास्त्रज्ञांनी १९५१ मध्ये अभ्यासाला घेतली. तिथल्या टोपल्यांवरूनच तिला कागोमे जाळी हे नाव पडलं. काही धातूंमध्ये अणू अशाच जाळीत बसलेले असतात आणि त्यांचे चुंबकीय गुण फार चमत्कारिक असतात. जगभरच्या प्रयोगशाळांत आज त्यावर संशोधन सुरू आहे. टोपलीतली रचना थेट अणूपर्यंत पोचली!

जसं काम, तशी वीण

आपल्या वऱ्हाडात विणलेल्या वस्तू किती आणि किती तऱ्हेच्या!

कापूस वेचला की तो बंडीत भरतात. कापूस हलका, पण जागा खूप खातो. म्हणून बंडीच्या बाजूंना बांबूचे उंच तट्टे उभे करतात. लाकडी फळ्या लावल्या असत्या तर बैलांना आधी फळ्यांचंच ओझं ओढावं लागलं असतं. तट्टा हलका, वाकतो पण मोडत नाही, आणि त्यातून वाराही जातो.

भाजीची टोपली मुद्दाम भोकाभोकांची असते. तोडलेली भाजी आणि फळं श्वास घेतच असतात. त्यातून ऊब आणि वाफ बाहेर पडते. बंद पिशवीत ती वाफ पाण्याचे थेंब बनून साचते आणि भाजी सडते. टोपलीत ती भोकांतून निघून जाते.

धान्याची कणगी मात्र दाट विणतात आणि वरून माती-शेणानं लिंपतात. उंदीर-किडे बाहेर, धान्य आत. मेळघाटात कोरकूंच्या घरांच्या भिंतीही अशाच, बांबूच्या कुडावर मातीचं लिंपण. म्हणजे घरही विणलेलंच म्हणायचं.

आणि सूप! त्याला तीन बाजूंनी काठ असतो, पुढची बाजू मोकळी. पाखडताना आजी दाणे वर उडवते. दाणा जड आणि आटोपशीर, त्यामुळं हवा त्याला फारसं अडवू शकत नाही आणि तो सरळ खाली येतो. फोलपट हलकं आणि पसरट, त्याला हवा ढकलून पुढं नेते. पुढं काठ नाही, म्हणून ते बाहेर जातं. वीज नाही, मोटर नाही, आणि धान्य निवडणारं यंत्र तयार. बारसं असो की लग्न, आपल्याकडं सुपाला मानाची जागा आहे आणि ती त्यानं काम करून मिळवलेली आहे.

बांबू नसेल तर?

डोंगरात बांबू आहे, पण अकोल्याच्या सपाट, काळ्या मातीत काय? तिथं तूर आहे! वऱ्हाडात कपाशीच्या आणि सोयाबीनच्या ओळींमध्ये तूर पेरतात. शेंगा झोडून घेतल्या की उंच, चिवट काड्या उरतात. त्या तुराट्या. शेतकरी त्यांचे कुड करतात, चुलीत घालतात. पण कैकाडी समाजातले कारागीर त्याच तुराट्यांच्या टोपल्या आणि कणग्या विणत आले आहेत. निर्गुडीच्या लांब, लवचिक फांद्याही त्यांच्या कामाच्या.

इथं चिरायचं काम नाही, काडी अख्खीच वापरतात. म्हणून ही टोपली बांबूच्या टोपलीपेक्षा जाडजूड आणि खरबरीत दिसते. शेणखत, माती, कडबा-कुटार वाहायला तीच बरी. शिंदीच्या पानांच्या चटया आणि झाडूही असेच जवळच्या रानातून आले. जिथं जे उगवतं त्यालाच विचारायचं, की बाबा, तुझं काय करता येईल? कारागिराचं विज्ञान इथून सुरू होतं.

लवाद्याची गोष्ट

परतवाडा सोडून गाडी मेळघाटच्या घाटाला लागली की दोन्ही बाजूंना साग आणि बांबू दिसू लागतो. देशात १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा पहिल्या नऊ जागांमध्ये मेळघाट होतं. बांबूची पानं गवे आवडीनं खातात आणि बेटांच्या आडोशाला किती तरी प्राणी राहतात. म्हणजे बांबू माणसाचा आहे आणि जनावरांचाही.

याच मेळघाटात, धारणी तालुक्यात लवादा नावाचं गाव आहे. सुनील देशपांडे आणि निरुपमा देशपांडे हे जोडपं १९९० च्या दशकात मेळघाटात येऊन राहिलं. इथल्या लोकांना हातात पैसा हवा होता, पोटासाठी दूर जावं लागू नये असं वाटत होतं. आणि आजूबाजूला बांबू होता, तो हाताळायची कलाही होती. मग लवाद्यात संपूर्ण बांबू केंद्र उभं राहिलं. कोरकू तरुण-तरुणी आणि बुरूड कारागीर तिथं बांबूचं काम शिकले आणि शिकवूही लागले. टोपली-सुपांबरोबर खुर्च्या, टेबलं, दिवे, बांबूची घरं आणि रक्षाबंधनासाठी बांबूच्या राख्या असं बरंच काही तिथं तयार झालं. मेळघाटातल्या हातांनी केलेली राखी दूरदूरच्या शहरांतल्या भावांच्या मनगटावर बांधली गेली. सुनील देशपांडे यांचं २०२१ मध्ये निधन झालं. पण त्यांनी आणि निरुपमाताईंनी दाखवून दिलेली गोष्ट फार मोलाची आहे: जंगलाजवळ राहणाऱ्या माणसाकडं ज्ञान आधीच असतं, त्याला फक्त मान आणि बाजार मिळायला हवा.

हक्काचंही तसंच. २००६ च्या वनहक्क कायद्यानं बांबू हे गावकऱ्यांच्या हक्काचं वनोपज ठरलं. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावानं त्यासाठी नेटानं पाठपुरावा केला आणि २०११ मध्ये ग्रामसभेला आपल्या जंगलातला बांबू स्वतः तोडून विकता येऊ लागला. देशातलं असं ते पहिलं गाव.

मडक्याच्याही आधी

टोपली किती जुनी? हे सांगणं कठीण असतं, कारण टोपली कुजते आणि मातीत मिसळते. पण कोरड्या गुहांनी काही टोपल्या जपून ठेवल्या आहेत. पश्चिम आशियातल्या वेस्ट बँक भागात मुरब्बात गुहेत झाकणासकट एक भलीमोठी टोपली सापडली. तिचं वय सुमारे १०,५०० वर्षं! तिथल्या माणसांना तेव्हा मातीची भांडी करताही येत नव्हती. आपल्या उपखंडात बलुचिस्तानातल्या मेहरगढ इथंही लोक आधी टोपल्या वापरत होते, मडकी नंतर आली. त्यांच्या टोपल्यांना आतून डांबरासारखा पदार्थ लावलेला होता, म्हणजे त्या पाणी धरू शकत.

विचार करा, तेव्हापासून आजपर्यंत कुठंही टोपली विणणारं यंत्र घरोघरी आलेलं नाही. कापड यंत्रावर निघतं, भांडी कारखान्यात निघतात. पण बांबूची टोपली जगात कुठंही बघितलीत तर समजा, ती कुणीतरी हातानं विणली आहे. प्रत्येक बांबू वेगळा, प्रत्येक कामटीचा ताण वेगळा, आणि तो ओळखायला अजून माणसाची बोटंच लागतात.

आता तुमचं काम

अमरावतीजवळ वडाळीला वनखात्याचं बांबू उद्यान आहे. तिथं अनेक जातींचे बांबू एकत्र बघायला मिळतात. जमलं तर आईबाबांना घेऊन जा आणि मानवेल कोणता, कटांग कोणता हे ओळखा. १८ सप्टेंबरला जगभर बांबू दिन असतो. त्या दिवशी शाळेत टोपल्या, सुपं, परड्या मांडून एक छोटं प्रदर्शन भरवा आणि नऊ पाकळ्यांचा प्रयोग सगळ्यांना करून दाखवा.

आणि बाजारात विणकाम करत बसलेले काका-मावशी दिसले, तर दोन मिनिटं थांबा. हा बांबू किती वर्षांचा? ही कामटी आतली की बाहेरची? उभी टोकं किती घेतली? एवढं विचारा. ते आनंदानं सांगतील. टोपली घेताना भावासाठी घासाघीस करू नका. त्या किमतीत बांबू निवडण्याची पारख आहे, चिरण्याचं कसब आहे आणि दहा हजार वर्षांचं गणित आहे. ते शिकून घ्यायला तुमच्यासारखी मुलं पुढं आली, तरच ते पुढं चालणार आहे. तेव्हा आजच एक छोटी परडी विणायला घ्या!